वापरकर्ता फक्त एक

आमचं बटणांचं दुकान आहे. एक दार, आत चार पावलं जागा आणि भिंतीला तीनशे बारा खण. एवढ्या मोठ्या उलाढालीच्या ठिकाणी विक्रीचं संगणकीय यंत्र नाही, ही गंभीर बाब जावईबापूंच्या लक्षात आली आणि आधुनिकीकरणाचा निर्णय झाला.

यंत्र निवडायला समिती नेमली. अध्यक्ष मी, तज्ज्ञ सदस्य जावईबापू. बायकोला समितीत घेता आलं नाही, कारण बैठकीच्या वेळी दुकान ती चालवत होती. तशी ती बावीस वर्षं तेच करते आहे. गिऱ्हाईक कोटाची बाही पुढे करतं, ही एक नजर टाकते आणि मागे न बघता खण ओढते. त्यात तेच बटण असतं. मात्र ही पद्धत कुठेही लेखी नसल्यामुळे समितीने ती विचारात घेतली नाही.

तीन विक्रेते येऊन गेले. पहिल्याचं यंत्र स्वस्त होतं, म्हणजे नक्की काहीतरी गोम असणार. दुसऱ्याचं मला लगेच समजलं, म्हणजे त्यात दम नव्हता. तिसऱ्याचं जावईबापूंनाही समजेना. तेच घेतलं.

"यात सुरुवातीला एकच वापरकर्ता बसतो," विक्रेता म्हणाला. "कोणाच्या बोटाचा ठसा घेऊ?"

"मालकांचा," जावईबापू म्हणाले. "तेच शोभतं."

मी बोट पुढे केलं. बायको तेव्हा एका आजींना चौदा हिरव्यांतलं त्यांचं हिरवं काढून देत होती.

पुढे यंत्राला प्रत्येक बटणाचं नाव हवं झालं. बायकोकडे नावं तयार होती: 'मास्तरीणबाईंच्या स्वेटरचं', 'कडेला टवका उडालेलं', 'शिंप्याने दोनदा परत आणलेलं'. यंत्राने तिन्ही फेटाळली. मग जावईबापू आणि मी दोन दिवस बसलो आणि सगळा माल 'इतर' या अधिकृत वर्गात घातला. इतर-१ ते इतर-३१२. दुकानाला प्रथमच शिस्त लागली.

तिसऱ्या दिवशी शेजारचा शिंपी काळा कोट घेऊन आला. बायकोने खण ओढून बटण त्याच्यापुढे ठेवलंसुद्धा.

"थांब," मी यंत्राच्या पडद्याकडे बघून म्हणालो. "हे शिल्लक नाही."

"अहो, समोर तर आहे."

"समोर असेल. साठ्यात नाही."

शिंपी बिचारा गोंधळला. "वहिनी, आहे की नाही, काय ते सांगा."

"यांना विचारा," ती शांतपणे म्हणाली. "वापरकर्ते ते आहेत."

तिने चष्मा डबीत ठेवला, पिशवी उचलली आणि घरी गेली. तिला हाक मारावीशी वाटली. पण समितीच्या अध्यक्षाला असं काही वाटत नसतं, म्हणून मी पडद्याकडे बघत बसलो.

त्यानंतर गिऱ्हाइकं यायची, बाही पुढे करायची. मी विचारायचो, "इतर किती नंबर?" गिऱ्हाइकं म्हणायची, "वहिनी नाहीत का?" आणि निघून जायची. महिनाअखेरीस यंत्राने अहवाल काढला: ताटकळणारी गिऱ्हाइकं शून्य, तक्रारी शून्य, मालात घट शून्य. जावईबापूंनी फोन करून अभिनंदन केलं.

त्या दिवशी मी घरी जाऊन सरळ सांगितलं, "माझं चुकलं. तुझ्याशिवाय दुकान चालत नाही. परत ये."

"येते की," ती म्हणाली. "पण ते यंत्र माझं बोट घेईल का?"

विक्रेत्याला फोन लावला. दुसरा वापरकर्ता घेता येतो म्हणाला. अट एकच, त्याला याच यंत्रावर काम केल्याचा एक वर्षाचा अनुभव हवा. आणि वापरकर्ता नसलेल्याला यंत्राला हात लावता येत नाही.

यंत्राशिवाय विक्री करायची नाही, असा समितीचाच ठराव होता; गेल्या आठवड्यात दुकान बंद केलं. बायकोने किल्ली घेतली आणि मागे न बघता खुंटीला अडकवली.

तुम्ही आता हसाल, माझी अक्कल काढाल. खुशाल काढा. फक्त एक करा. नव्या शर्टाबरोबर लहानशा पिशवीत एक जादा बटण येतं. तुमचं कुठे आहे? नाही ना ठाऊक? मग आतल्या खोलीकडे तोंड करून जिला हाक मारणार आहात, तिचं नाव घराच्या कुठल्या कागदावर आहे, तेवढं आधी बघून घ्या.