सरूआत्यानं शिकवलेली बाई

आमच्या किन्हीराजा गावात नाटकातल्या चुका सरूआत्याइतक्या कोणी काढल्या नसतील, आणि तिनं तोवर एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. तालीम आमच्या ओसरीत चाले, ती शेजारच्या अंगणात ज्वारी पाखडत असे. मी तोंड उघडलं की कुडावरून आवाज यायचा, "बाई अशी नसते रे पोट्ट्या."

सरूआत्या म्हणजे शेजारच्या नारायणकाकांची बहीण. नवऱ्यानं दुसरी केली नि हिला सोडलं, तेव्हापासून बारा वर्षं भावाकडेच. टाकलेली बाई चारचौघांत कशाला न्यायची, म्हणून काका तिला नाटकाला नेत नसत.

त्या काळी बाईचं काम पुरुषच करी. आमच्या शाळामास्तरांनी गणपतीसाठी स्वतः सामाजिक नाटक लिहिलं आणि नायिका केलं मला. अठराव्या वर्षी फुटलेली मिशी मी काढून टाकली, तर वडील आठ दिवस बोलले नाहीत. मग आत्यानं मला ताब्यात घेतलं. मी कंबर हलवत चाले, तर तिनं डोक्यावर पाण्याचे दोन गुंड ठेवले. म्हणाली, "एवढं वझं असल्यावर कंबर हालवाले फुरसत कुठी?" रडताना मी दोन्ही हात तोंडावर घेई. तेही तिला खपेना. "बाई रडते तवा हाताले काम असते," म्हणत तिनं हातात सूप दिलं. ज्वारी निवडत मी असा रडलो की लिहिणारे मास्तरच डोळे पुसू लागले. एकदा तर वडिलांनी मला लुगड्यात पाठमोरं पाहून आईला चहा टाकायला सांगितलं, पाहुणी आली म्हणून.

तिसऱ्या अंकाला मात्र आत्या गप्प बसे. त्यात सोडून गेलेला नवरा परत येतो आणि नायिका "नाथ, दासीला पदरात घ्या" म्हणत त्याच्या पाया पडते. एका दुपारी मी तिला विचारलंच, हे बरोबर आहे का.

तेव्हा कळलं, तिचा नवराही तिला न्यायला यायचा होता. दुसरी बायको वारली, पोरं लहान, रांधायला कोणी नाही. काकांनी आसेगावला, तिच्या सासरी, होकार कळवूनही टाकला होता. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"मले नाई जायचं," ती म्हणाली. "पण माहा दादा आयकत नाई. तू लुगडं नेसून मांडवात एकडाव म्हण, मी येत नाई. लोकं आयकतील, मंग दादाबी आयकीन."

मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, लोक मांडव मोडतील आणि आपल्यालाही. तरी मी आत्याला शब्द दिला. त्या वयात शब्द द्यायला काय लागतं?

नाटकाच्या दिवशी काका तिला पहिल्यांदा मांडवात घेऊन आले. मेहुणा दुसऱ्या दिवशी येणार म्हणून ते खुशीत होते. ती बायकांच्या बाजूला, दोरीला लागून बसली होती. तिसऱ्या अंकात नवरा आला. मी ताठ उभा राहिलो. समोर काका, पाटील, माझे वडील. "मी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मास्तर आतून "नाथ, नाथ" करू लागले. आणि मी पाया पडलो. टाळ्यांनी मांडव दणाणला. काका उपरण्यानं डोळे पुसत होते. बायकांच्या बाजूला बघायची माझी छाती झाली नाही. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दारात आत्याच्या नवऱ्याची बैलांची दमणी उभी राहिली. काका ज्याला त्याला सांगत होते, अगदी नाटकातल्यासारखं झालं. मी बैलांच्या आड लपलो होतो, पण आत्यानं मला हाक मारली. मी कसाबसा म्हणालो, "आत्या, मले बोलताच आलं नाई."

माझ्या कानामागं रंग राहिला होता. तो तिनं पदरानं पुसला.

"भेव वाटते रे तिथं," ती म्हणाली. "तू 'मी' तरी म्हटलं. मले तेवढंबी नाई जमलं."

मग ती नवऱ्याच्या मागं दमणीत जाऊन बसली.