खाडी, व्हाया खालापूर

माणसाने आपल्या आवडत्या पाण्यापासून किती लांब राहावं, याबाबत कोणत्याही कायद्यात तरतूद नाही. त्यामुळे सईच्या नर्सरी प्रवेशापर्यंत आमच्या घरात हा प्रश्न उपस्थित झाला नव्हता.

माझा नवरा निनाद आठवडाभर बेलापूरच्या एका ऑफिसात बसतो आणि रविवारी सकाळी कामोठ्याच्या खाडीवर गळ टाकून बसतो. खाडी आमच्या इमारतीच्या मागेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसते, आणि त्याने टोपी घातली आहे की नाही तेही दिसतं. मासे त्याला मिळत नाहीत. मिळावेत असा त्याचा आग्रहही नाही. तिथे कोणी काही विचारत नाही, एवढ्यासाठी जातो म्हणतो.

त्या वर्षी खाडीच्या काठाला, भराव घातलेल्या जागेवर एक इंटरनॅशनल शाळा उभी राहिली. कामोठ्यातल्या समस्त आयांची झोप उडाली. जिन्यात भेटलं की विषय एकच. समोरच्या परेशची रिया माझ्या सईच्याच वयाची. तिला षटकोन ओळखता येत होता. सई गोल वस्तूला पोळी म्हणायची आणि चौकोनी वस्तूला बिस्कीट. त्रिकोणाची मी अजून भीतीने चौकशीच केली नव्हती.

पण शाळेचं धोरण उदार होतं. या वयात सगळी मुलं सारखीच असतात, असं शाळेचं मत होतं, म्हणून गुण आईवडिलांना देण्यात येणार होते. पहिली अट, घर शाळेच्या जवळ हवं. दुसरी अट, वडिलांना छंद हवा. "मुलाचं पोटेन्शियल वडिलांच्या संडेमध्ये दिसतं," असं प्रिन्सिपल मॅडमनी माहितीसत्रात सांगितलं, तेव्हा हॉलमधल्या सगळ्या वडिलांनी पोटं आत घेतली.

मला आजूबाजूला बघण्याची सवय आहे. मूल झाल्यापासून तर मान स्थिर राहतच नाही. तर मी बघितलं, की आमच्या रांगेतल्या सगळ्या वडिलांचा छंद ट्रेकिंग होता. लिफ्ट बंद पडली की ऑफिसला सुट्टी टाकणारा परेशसुद्धा ट्रेकर होता. मी ठाम मनाने लिहिलं, अँगलिंग.

मुलाखतीआधी एका रविवारी पडताळणी झाली, त्यात मॅडमची भुवई वर गेली. चांगल्या अर्थाने गेली. त्यांनी विचारलं, कुठे जातात मिस्टर? मी प्रामाणिकपणे त्यांच्याच केबिनची खिडकी दाखवली. निनाद समोरच बसला होता. टोपी नव्हती.

भुवई खाली आली. "ही तर मागची खाडी आहे."

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही राहता कुठे?"

मी त्याच खिडकीतून बोट जरा डावीकडे नेलं. आमची वाळत घातलेली चादर दिसत होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सी, घराजवळ मासे पकडतात तो धंदा. लांब जाऊन पकडतात तो छंद. हे आम्ही नाही ठरवलं, हे जगभर असंच आहे. त्यांच्या शेजारी तो जाळंवाला कोण आहे?"

तो मिथुन. कामोठे गावातला, पिढ्यान्‌पिढ्या खाडीवरचा. त्याच्या समृद्धीचाही अर्ज होता. मी हे सांगितल्यावर मॅडमनी मला अगदी मायेने विचारलं, की मग या दोघांत फरक काय. मी म्हटलं, मिथुनला मासे मिळतात. हा मुद्दा त्यांनी आमच्या बाजूने नोंदवला. परंतु अंतराचं काय, असा शेरा मारून अर्ज राखून ठेवला. मुलाखतीपर्यंत अंतर सुधारून आणावं, अशी सवलत मिळाली.

घरी येऊन मी निनादला सांगितलं, की यापुढे तू लांबच्या पाण्यावर जायचं. तो एक रविवार कर्जतकडच्या एका तळ्यावर जाऊन आला. तिथल्या लोकांनी त्याला गळाची कंपनी विचारली, आमिषाची कंपनी विचारली आणि शेवटी त्याची कंपनी विचारली. परत येऊन त्याने गळ कोपऱ्यात उभा केला. मग म्हणाला, "मला हीच खाडी आवडते. दुसरीकडे नुसतं पाणी असतं."

आणि शाळेचा नियम तर स्पष्ट होता. अंतर आवडत्या पाण्यापासूनच मोजलं जाणार होतं. नावडत्या पाण्यापासून सगळेच लांब राहतात, त्यात कर्तृत्व काय?

आता पाणी हलत नाही म्हटल्यावर घर हलवणं आलं. मी खोपोलीला भाड्याच्या जागा बघायला सुरुवात केली. एक पसंतही पडली. गॅलरीला ग्रिल होती, सई पडली नसती. डिपॉझिट द्यायच्या आधी आठवलं, की घर शाळेच्या जवळ हवं. शाळा खाडीला लागून. म्हणजे शाळेच्या जवळ राहायचं, खाडीपासून लांब राहायचं, आणि शाळा नि खाडी यांच्यामध्ये फक्त कुंपण. निनाद म्हणाला, कुंपणावर राहू. घरात कोणी काळजी करायला लागलं की दुसऱ्याला विनोद सुचतात, हे मी लग्नापासून पाहते आहे.

मी शाळेच्या ऑफिसात गेले. तिथे सत्यवती मॅडम म्हणून हेडक्लार्क होत्या. त्या डब्यातले पोहे खात होत्या. मी माझी अडचण अथपासून इतिपर्यंत सांगितली, मध्ये थोडं रडूही आलं. त्यांनी लिंबू पिळता पिळता सांगितलं, की अहो, शाळेचं अंतर सरळ हवेतून मोजतात. छंदाचं अंतर मात्र प्रत्यक्ष प्रवासाचं धरतात.

"असं का?"

"वडील उडत नाहीत ना," त्या म्हणाल्या. "आणि कुठल्या रस्त्याने जायचं, ते नियमात नाही."

त्या क्षणी मला पुढचा रस्ता दिसला. तो एक्स्प्रेसवे होता.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. एक्स्प्रेसवेवर स्कूटर चालत नाही, म्हणून गाडी भाड्याने घेतली होती. गळ खिडकीतून बाहेर काढला होता, म्हणजे छंद लांबूनही दिसावा. कळंबोलीला एक्स्प्रेसवेवर चढलो आणि खालापूरच्या टोलनाक्यावर थांबलो. पावती देणाऱ्याने गळाकडे बघून विचारलं, कुठे निघालात? निनाद म्हणाला, मासे पकडायला. कुठे? कामोठ्याला. त्या माणसाने आम्ही आलो त्या दिशेला एकदा बघितलं, आम्ही चाललो होतो त्या दिशेला एकदा बघितलं आणि पावती हातात ठेवली. सरकारी कामाची सवय असलेला माणूस होता.

पुढे फूडमॉलवर इडली खाल्ली, फाट्यावरून गाडी वळवली आणि परत कामोठ्याला आलो. सईला शेडुंगच्या आसपास उलटी झाली. मी पिशवी, ओवा, बदलायचे कपडे आणि रडायचं तोंड तयारच ठेवलं होतं. खाडीवर पोचलो तर ओहोटी लागून पाणी गेलं होतं. निनादने चिखलात गळ टाकला आणि नियमाप्रमाणे बसला. पाणी नसलं तरी अंतर होतं.

अशा पावत्या जमू लागल्या. दर रविवारी पहाटे आम्ही घराबाहेर पडायचो आणि दुपारी घराच्या मागे पोचायचो. शेजाऱ्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, निनादला नाही बाई जवळपासचं पाणी मानवत. हे म्हणताना मला स्वतःलाच त्याचा अभिमान वाटू लागला. सासूबाईंना तर खरंच वाटलं. त्यांनी त्याच्यासाठी स्वेटर पाठवला.

पण ज्या जिन्यात मी सगळ्यांवर लक्ष ठेवते, त्याच जिन्यात परेशही राहतो. त्याने आमची फूडमॉलची पावती केराच्या डब्यात पाहिली, की रियाने सईकडून काढून घेतलं, देव जाणे. आठवडाभरात त्याचं ट्रेकिंग सुटलं आणि त्याला अँगलिंग लागलं. तो लोणावळ्यावरून खाडीवर आला. त्याचं बघून सेक्टरातला एक डेंटिस्ट पुण्यावरून आला. त्याची बायको मला म्हणाली, की ह्यांना लहानपणापासून कामोठ्याची ओढ आहे, जातील तिथून परत येतात. पनवेलला विमानतळ होणार, असं तेव्हाही म्हणत होते. तो झाला असता तर परेश गोव्यावरून आला असता.

महिन्याभरात खाडीच्या काठाला गाड्या लावायला जागा उरली नाही. वडील मंडळी रांगेने चिखलात गळ टाकून बसत आणि एकमेकांना विचारत, कुठून आलात, ट्रॅफिक कसा होता, फूडमॉलचा वडा खाल्लात का. निनाद शेवटच्या टोकाला पाठ करून बसायचा. तिथे आता सगळे सगळं विचारत होते.

एका रविवारी मिथुन माझ्याकडे आला. खांद्यावरचं जाळं कोरडं होतं. टाकायला जागाच मिळाली नव्हती.

"वयनी, ही मानसं पुन्यावरनं आमच्या खाडीत काय पकडायला येतात?"

मी म्हटलं, अ‍ॅडमिशन.

त्यालाही समृद्धीला त्याच शाळेत घालायचं होतं. शाळा झाली ती जागा त्याच्या आजोबाची मासे वाळवायची, पण त्याला गुण नव्हते. ओट्यावरून पाय खाली सोडला की पाण्यात, अशा माणसाचं अंतर काढायचं तरी कसं? मी त्याला धंदा आणि छंद यांतला फरक नीट समजावून सांगितला. लांब जायचं आणि हाती काही लागू द्यायचं नाही, एवढं त्याने लक्षात ठेवलं. खालापूरचं मी सांगितलं नाही. आई आहे मी.

मुलाखतीच्या दिवशी सगळे पालक एकाच हॉलमध्ये होते. कपडे सगळ्यांचे लग्नातले, चेहरे दवाखान्यातले. मिथुन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं नाव आधी पुकारलं गेलं. मॅडमनी विचारलं, आपला छंद?

"ऑफिस," मिथुन म्हणाला.

मॅडमनी पुन्हा विचारलं.

"दर शनवारी यष्टीनं मुंबैला जातो. मेव्हना वॉचमन हाय एका कंपनीत. तिथं रिकामी खुर्ची गावली की बसतो. कॉम्पुटर बघतो, चा पितो, घड्याल बघतो, सांजचा परत येतो."

"त्यातून काही मिळतं?"

"आजून तरी नाय."

मॅडमचे डोळे भरून आले होते. एवढं अंतर, एवढी निष्ठा आणि एका पैशाची प्राप्ती नाही, असा निर्मळ छंद त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आम्ही बाकीचे नोकरदार खाली बघत होतो. आम्ही तेच रोज करत होतो आणि इतकी वर्षं त्याला काम समजत होतो. समृद्धीचा प्रवेश जागेवर मंजूर झाला.

त्यानंतर मुलांची पाळी आली. रियाला माशाचं चित्र दाखवून विचारलं, हा कुठे राहतो? ती म्हणाली, पाण्यात. उत्तर बरोबर असल्यामुळे मॅडमना त्यात विशेष काही आढळलं नाही. पाणी किती लांब आहे, या उपप्रश्नाला रिया षटकोन म्हणाली. तिला प्रतीक्षायादीत ठेवण्यात आलं.

सईला तेच चित्र दाखवलं. मी तिला मनातल्या मनात पाणी, पाणी सांगत होते.

"मासा कुठे राहतो, बेटा?"

"खालापूरला," सई म्हणाली.

मॅडम पुढे झुकल्या. "आणि आपण तिथे कसं जातो?"

"उलटी करून."

मॅडमनी शेजारी बसलेल्या परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी आमच्या अर्जाला जोडलेल्या पावत्यांकडे पाहिलं. प्रत्यक्ष अनुभवातून आलेलं उत्तर, असा शेरा पडला. सईला प्रवेश मिळाला. मी बाहेर येऊन इतकी रडले, की वॉचमनने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, पुढच्या वर्षी होईल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सईला मी चालत सोडणार होते, फाटक तर आमच्या गॅलरीतून दिसतं. पण पायी येणाऱ्या मुलांमुळे शाळेचं वातावरण स्थानिक होतं, असं शाळेचं परिपत्रक आलं. बस सक्तीची झाली. ती आता सईला घेऊन खांदा कॉलनीला जाते, तिथून पनवेलला एसटी स्टँडला वळसा घालते आणि परत कामोठ्याला येते. समृद्धीही त्याच बसमध्ये असते. दोघी आळीपाळीने खिडकीशी बसतात, कारण ओवा एकीलाच पुरतो.

बस आमच्या इमारतीच्या खालीच थांबते, एका जुन्या सरकारी निळ्या फाटकासमोर. परवा बसची वाट बघताना आत घंटा झाली आणि मुलं प्रार्थनेला उभी राहिली. थोडीच होती. सईने फाटकाच्या गजातून आत बघितलं आणि विचारलं, "आई, ही कोणाची शाळा आहे?"

मी तिची टोपी नीट केली. "ती शाळा नाही बाळा. तो आपला बसस्टॉप आहे."

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. माझं काही म्हणणं नाही, मीही दुसऱ्याची गोष्ट असती तर हसले असते. फक्त हसून झालं की तुमच्या घरापासून सगळ्यांत जवळच्या शाळेचं नाव मला सांगा. जिची बस येते ती नव्हे. जवळची.