निफाडच्या पाटीला लेसरचा चटका

सासूबाईंच्या नव्या घराची पाटी विकत न आणता आपण स्वतः करायची, असं सहादू पगारेने ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

खरं तर पाटी मेनरोडला बोट दाखवाल तशी मिळते. सासूबाईंनी, म्हणजे लताबाईंनी, निफाडहून फोन करून बजावलंही होतं, "जावईबापू, उगं खटपट नका करू. तयार आणा." त्यांना काळजी पाटीची होती, जावयाची नव्हे. मागे सहादूने त्यांना स्वतःच्या हाताने जेवायचा पाट करून दिला होता. त्यावर बसलेले लताबाईंचे थोरले दीर पहिल्याच घासाला आडवे झाले. तेव्हापासून सहादूच्या मनात एकच इच्छा घर करून होती. लताबाईंनी चार माणसांत एकदा, फक्त एकदा म्हणावं, 'हे आमच्या जावयानं हातानं केलंय.'

म्हणून त्याने लेसरचं यंत्र मागवलं. बुटांच्या खोक्याएवढं, लाकडावर अक्षरं जाळून कोरणारं. यंत्र गॅलरीत बसलं आणि गॅलरीतले ओले कपडे हॉलमधल्या खुर्च्यांवर आले. घराचं नाव ठरलं होतं 'मैत्री'. गृहप्रवेश रविवारी. सहादू निर्धास्त होता.

सहादू अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथे तो कुणाचाही माल नापास करू शकतो (घरी हा अधिकार त्याची बायको संजना हिच्याकडे आहे). त्याने यंत्र जोडलं, पुसूनबिसून चकाचक केलं आणि बटण दाबलं. किरण टिंबासारखा पडायला हवा होता. तो पडला अळीसारखा. लांबट, फुगलेला, वर एका अंगाला धुरकट शेपूट. त्यामुळे 'मैत्री'च्या उभ्या रेघा लठ्ठ झाल्या आणि आडव्या उपाशी राहिल्या.

"काय लिहिलंय हे?" संजनाने विचारलं.

"मैत्री."

"मोडल्यानंतरची दिसतेय."

सहादूने तिकडे लक्ष दिलं नाही. कारखान्यात माल बिघडला तर आरडाओरडा करायचा नसतो, पाच वेळा 'का' विचारायचं असतं. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, अशी तिथली रीत. सहादूने खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली.

"किरण का फाकला? भिंगावर धूर बसला म्हणून. धूर का बसला? फोडणी घातली म्हणून. फोडणी का? आमटी केली म्हणून. आमटी का? सृष्टीला कोरडी भाजी गिळवत नाही म्हणून. का गिळवत नाही?" त्याने चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "कारण तू पोरीला लाडावून ठेवलीस. मूळ कारण, तू."

"अहो, दर वेळी पाचव्या 'का'ला मीच बरी सापडते!"

"पद्धत शास्त्रीय आहे. माझ्या हातात काही नाही."

घरात फोडणी बंद झाली. अळी तशीच. मग संशय हादऱ्यांवर गेला. पंखे बंद झाले, सृष्टीला टाचा न टेकता चालायचा हुकूम निघाला. अळीला त्याचं काही नव्हतं. दिवसभर चाचण्या चालणार, म्हणजे डोळ्यांना धोका, म्हणून सहादूने तिघांसाठी जाडजूड हिरवे संरक्षक चष्मे आणले आणि घरात वावरताना ते सक्तीचे केले. हिरव्या काचेतून हळद आणि तिखट एकसारखं दिसायला लागलं. बिनफोडणीच्या वरणात संजनाने हळद समजून दोन चमचे तिखट घातलं, तेव्हा तिघांच्या डोळ्यांतून चष्म्याच्या आत धारा लागल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुसाबाईंचा मिक्सर घरघरला. "हाच तो हादरा!" म्हणत सहादू चष्म्यासकट, डोळे गळत असताना, जिना चढला. कुसाबाईंनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं बाई! डोळे आले का हो?"

"नाही नाही. लेसर आहे."

"लेसर केलं? दोन्ही डोळ्यांचं एकदम?"

"मशीनचं हो! तुमचा मिक्सर जरा बंद ठेवाल का?"

"ठेवते, ठेवते. तुम्ही तिथूनच बोला."

कुसाबाईंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, तर गॅलरीत संजना आणि सृष्टीही हिरव्या चष्म्यात डोळे पुसत उभ्या. आता शंकेला जागाच उरली नाही. कुसाबाईंचं माहेर निफाडचं. सहादू जिना उतरेपर्यंत लताबाईंचा फोन आलासुद्धा.

"संजे, तिघांचेबी आले व्हय?"

"आई, कुणाचे डोळे आले नाहीत. यांचं मशीन बिघडलंय."

"काय बी बिघडू दे. रविवारी तुम्ही नका येऊ. लय माणसं हाईत, लहान लेकरं हाईत. पाटीबी नको. बरं वाटल्यावर या सावकाश."

सहादूने हे ऐकलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. पाटी राहिलीच, आता सासरच्या गृहप्रवेशालाही मनाई. तो यंत्रासमोर मांडीवर हात ठेवून बसला, आणि संजनाला त्याची खरंच दया आली. ती शेजारी टेकली.

"आता मी विचारू? भिंग पुसलं होतंत?"

"म्हणजे काय! पहिल्याच दिवशी."

"कशानं?"

"फडक्यानं. आणि वरून तेलाचा हात."

"कसलं तेल?"

"गंज न चढण्याचं. कारखान्यात पार्ट पास झाला की तेल लावल्याशिवाय डब्यात जातच नाही. मी रोज लावतोय," सहादूची मान जरा ताठ झाली. "एक दिवस चुकवला नाही."

"अहो, काचेला गंज चढतो का?"

मूळ कारण हिरवा चष्मा घालून समोर बसलं होतं.

संजनाने औषधांच्या डब्यातून स्पिरिट काढलं आणि कापसाने भिंग हलक्या हाताने टिपलं. सहादूने बटण दाबलं. लाकडावर मोहरीएवढं, देखणं, गोल टिंब पडलं. सहादूने आनंदाने बायकोचा हात दाबला. संध्याकाळपर्यंत 'मैत्री' अशी उमटली, की छापखान्यानेही मान खाली घालावी. मग व्हिडिओ कॉल करून तिघांनी खालच्या पापण्या ओढून लताबाईंना पांढरेशुभ्र डोळे दाखवले, तेव्हा कुठे मनाई उठली.

रविवारी निफाडला बुद्धवंदना झाली, पाटी दारावर चढली आणि पाहुणे तिच्याभोवती जमले. लताबाईंचे भाऊ यादवमामा जवळ जाऊन बघत म्हणाले, "काय काम हाय! कुठल्या दुकानातली?"

"मी केली, मामा. हातानं," सहादू म्हणाला.

यादवमामा पोट धरून हसले. लताबाईंनी मात्र अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं, एकदा पाटीकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. चार माणसं काय, चांगली चाळीस होती. सहादूने श्वास रोखला.

"जावईबापू," त्या मायेने म्हणाल्या, "इकत आणली तर आणली, त्यात लाजायचं काय? उलट माझा जीव भांड्यात पडला."