मास्तरांचा दात आणि डॉक्टरांचा कोट

वरचा दात जाऊन मास्तरांना चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत त्यांच्या बायकोचं डोकं रोज एकदा तरी फिरलं होतं. मास्तर म्हणजे शिंपी. पस्तीस वर्षं कोट शिवून त्यांनी नाव कमावलं, पण दोरा कात्रीने तोडायचा असतो हे काही त्यांच्या गावीही नव्हतं. टाका घातला की मान खाली, दातात दोरा, कट्, पुढचा टाका. शेवटी एका बटणाच्या मेण लावलेल्या दोऱ्याने दाद दिली नाही आणि दातच गेला.

दाताच्या डॉक्टरांनी त्या जागी इम्प्लांट बसवायचं ठरवलं. म्हणजे हाडात एक बारीक स्क्रू घालायचा, हाडाने त्याला घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं आणि मग त्यावर कायमचा दात चढवायचा. तोवर चारचौघांत तोंड उघडता यावं म्हणून त्यांनी एक तात्पुरता दात दिला. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि तिला पुढे लावलेला एकुलता एक दात. पुढे डॉक्टर स्वतःच कोटाचं माप द्यायला दुकानात आले आणि मास्तरांना त्याच दाताने दोरा तोडताना त्यांनी रंगेहाथ पकडलं.

"मास्तर, या दाताने पुन्हा दोरा तोडलात तर आतला स्क्रू हलेल," डॉक्टर म्हणाले. "हलला की मी तो काढून टाकणार. मग दुसरा डॉक्टर बघायचा."

मास्तर शब्दाचे पक्के. या दाताने नाही म्हणजे नाही. तेव्हापासून दोरा तोडायची वेळ आली की ते पट्टी काढून बटणांच्या डबीच्या झाकणात ठेवत, शेजारच्या दातांनी दोरा तोडत आणि पट्टी पुन्हा तोंडात बसवत. दिवसातून साठ-सत्तर वेळा. समोर हातभर लांब कात्री पडलेली असे. बायको शेजारी बसून काजं करता करता हा सोहळा बघायची.

"अहो, कात्री उचलायला एवढे कष्ट पडतात का?"

"कात्री उचलायची म्हणजे हातातली सुई ठेवायला लागते."

ती बिचारी हात टेकून पुन्हा काजांकडे वळायची.

सोमवारी कायमचा दात बसणार होता. त्याआधी रविवारी डॉक्टरांचं दीडशे दंतवैद्यांसमोर भाषण होतं. विषय होता, डॉक्टरांच्या सूचना पाळणारा रुग्ण. त्यात आदर्श रुग्ण म्हणून मास्तरांचाच एक्स-रे पडद्यावर दाखवायचा होता, आणि भाषणात घालायचा कोटही मास्तरच शिवत होते. शनिवारी दुपारी कोटाच्या अस्तराची खालची कड तेवढी शिवायची राहिली होती.

मास्तरांनी कोट मांडीवर घेतला, दोरा तोडायला पट्टी काढली आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट कमरेत घट्ट केली म्हणून भांडायला आलं. आपलं पोट वाढलंय हे कबूल करणारं गिऱ्हाईक मास्तरांना अजून भेटायचं होतं. त्यांनी पट्टी हाताला येईल तिथे ठेवली, तोंडावर हात धरून वाद घातला, आणि वाद घालता घालता दुसऱ्या हाताने कड शिवून टाकली. ही हातोटी मास्तरांनाच जमावी. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी पट्टीसाठी डबीच्या झाकणाकडे हात नेला. झाकणात दोन पितळी बटणं होती. दात नव्हता.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. बायकोने बटणांची डबी आणि सुईदोरा सोडून टेबलावरचं सगळं, टेप, खडू, रिळं, कात्री, उचलून चिंध्यांच्या पोत्यात भरलं, टेबल मोकळं करून झटकलं, मशीन हलवलं, पायाखालची चटई उचलली. दात काही मिळेना. अखेर तिने कोट उचलून झटकला तेव्हा डाव्या बाजूला अस्तराच्या आत काहीतरी खुळखुळलं. तिने हाताने चाचपलं आणि कोट मास्तरांच्या पुढ्यात धरला.

"शिवलात," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दिलेला दात डॉक्टरांच्याच कोटात शिवलात."

आणि नेमके डॉक्टर दारात उभे. संध्याकाळी येणार होते, पण दवाखान्यात थोडी सवड मिळाली म्हणून आत्ताच आले. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. यांचा घसा बसलाय, असं बायकोने जाहीर केलं.

"असं? बघू, आ करा." डॉक्टरांनी खिशातून छोटी बॅटरी काढली. हे लोक बॅटरीशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

"नको हो डॉक्टर," बायको मधे पडली. "साथीचा घसा आहे. तुम्हाला लागला तर उद्या भाषण कसं करणार?"

डॉक्टर दोन पावलं मागे सरले. त्यांनी कोट अंगात घातला, आरशात पाहून खूश झाले, एक गिरकी घेतली आणि थबकले. डाव्या मांडीवर काहीतरी आपटत होतं.

"ते वजन आहे," बायको म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "कोट नीट खाली पडावा म्हणून आत घालतात."

"एकाच बाजूला?"

मास्तरांनी जोरात मान हलवून उजवीकडे बोट दाखवलं. उजवीकडचं राहिलंय, असा त्याचा अर्थ. डॉक्टर म्हणाले, घाला की मग, मी थांबतो. आणि कोट काढून देऊन, खुर्ची ओढून नेमके मास्तरांच्या समोर बसले.

दवाखान्याच्या खुर्चीत मास्तरांना एवढा घाम कधी आला नव्हता. वजन जरा सरळ करतात ते, असं सांगत बायको डॉक्टरांना कापडांचे नमुने दाखवत राहिली. मास्तरांनी सुईच्या टोकाने डावी कड उसवली, दोन बोटं आत घातली, दात मुठीत घेतला आणि त्या जागी एक पितळी बटण सरकवलं. दुसरं उजवीकडे घातलं. मग भिंतीकडे तोंड करून खोकल्यासारखं केलं आणि पट्टी अस्तराच्या धाग्यासकट तोंडात बसवली.

"झालं बघा," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"घसा बरा झाला वाटतं."

"तुम्ही आलात ना, म्हणून."

डॉक्टर प्रसन्न हसले. मास्तरांनी दोन्ही कडा शिवून शेवटची गाठ मारली, आणि पस्तीस वर्षांची सवय, मान आपोआप दोऱ्याकडे खाली गेली.

"मास्तर!" डॉक्टर ओरडले.

मास्तर अर्ध्यावर थांबले. बायको कात्री शोधायला धावली. कात्री चिंध्यांच्या पोत्यात, पोतं मशीनखाली, आणि मशीन मघाशी कसंबसं सरकवलेलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दवाखान्यात पेशंट येऊन बसले असणार. त्यांनी कोट मास्तरांच्या हातातून घेतला.

"द्या इकडे. माझे दात खरे आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी दोरा दातांत धरला.

कट् असा आवाज झाला. दोरा मात्र होता तसाच होता.

मग डॉक्टर तोंडावर रुमाल धरून, कोट हातावर टाकून, सुई लोंबत असतानाच निघून गेले.

रविवारी डॉक्टरांचं भाषण त्यांच्या सहायक बाईंनी वाचून दाखवलं. डॉक्टरांचा घसा बसला होता. साथ आहे म्हणे.

सोमवारी मास्तर खुर्चीत बसले. चार महिने ज्याची वाट पाहिली तो दात दहा मिनिटांत बसला, आणि आरशात बघताना त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क एकदाही खाली केला नाही. नेहमीच्या सूचनाही त्यांनी मोजक्या शब्दांत उरकल्या.

"आणि दोरा?" मास्तरांनी विचारलं.

"कात्रीने," मास्कमागून उत्तर आलं.

मास्तरांनी खिशातून बोटभर लांबीच्या दोन नव्या कात्र्या काढल्या. त्यातली एक त्यांनी डॉक्टरांच्या अवजारांच्या ताटलीत हळूच ठेवली.

"हिच्यासाठी सुई खाली ठेवायला लागत नाही," ते म्हणाले. "करंगळीत अडकते."