अनारूढ सदस्य

पेट्रोल वाचवणं हे राष्ट्रकार्य आहे, आणि कुठलंही राष्ट्रकार्य घरातल्या वडीलधाऱ्या माणसापासूनच सुरू करावं लागतं.

शहाण्णव सालापर्यंत लखनौमध्ये हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. विकास नगरच्या मधुमतीबाईंना तर जुने दिवस चांगले आठवत. तेव्हा गाडी नोंदवली की मूल शाळेत जाऊन मॅट्रिक होईपर्यंत थांबायचं, आणि आली की तिच्यात नऊ माणसं, एक स्टोव्ह आणि शेजाऱ्यांचं पोरगं कोंबून सहलीला निघायचं. गाडी ॲव्हरेज किती देते असं विचारणं म्हणजे पाहुण्याला तुम्ही पोळ्या किती खाल्ल्या असं विचारण्यासारखं होतं.

पुढे लोक सुधारले. गाडी सांगितल्याइतकं ॲव्हरेज देत नाही अशा तक्रारी येऊ लागल्या. इंधनबचत मंडळानं (मंडळाच्या दारात सहा जीप इंजिन चालू ठेवून उभ्या असत, कारण साहेब केव्हाही बचतीला निघत) रीतसर चौकशी केली. तीत निष्पन्न झालं की गाड्या निर्दोष आहेत. त्यांच्यात माणसं बसतात.

मग नियम झाला. नवी गाडी घेणाऱ्या कुटुंबाचं शोरूममध्ये वजन होईल. दोनशे किलोपर्यंत हलकं कुटुंब, त्याला साधी किंमत. त्यावर जड कुटुंब, त्याला गाडीच्या किमतीचा सहावा हिस्सा अधिभार. इतका न्याय्य नियम विरळा. गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान असा काही भेद नाही; फक्त किलो.

मधुमतीबाईंचा मुलगा हृषीकेश वनस्पतींवर संशोधन करी, म्हणून मुद्द्याचं तेवढंच बोले. "आई, शनिवारी तुझं वजन करायचंय," एवढंच त्यानं सांगितलं.

त्या महिन्यात मधुमतीबाईंना पंचाहत्तरावं लागत होतं. सांगलीला त्यांच्या सासऱ्यांची पंचाहत्तरीला गूळतुला झाली होती, सगळी गल्ली जेवली होती. लेकानं गुपचूप बेत केलाय, हे त्या समजल्या. कपाटाच्या तळाचा शालू काढला, पाटल्या, गोठ, तोडे चढवले, आणि लखनौकरांना रीत माहीत नसली तर, म्हणून गुळाची ढेपही बरोबर घेतली.

"आजी, आप शादी में जा रही हैं क्या?" नात रुचानं विचारलं. घरात मराठी समजणारी आणि हिंदीत उत्तर देणारी ती एकटीच.

शोरूममध्ये बटाट्याच्या आडतीतून आणलेला मोठा तराजू टांगलेला होता. मंडळाचे निरीक्षक श्रीवास्तवजी अदबीनं झुकले. "अम्माजी, पल्ले पर तशरीफ़ रखिए."

मधुमतीबाई ढेप मांडीवर घेऊन बसल्या.

"गुड़ भी सफ़र करेगा क्या, अम्माजी?"

ढेप खाली ठेवण्यात आली. समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं पडली. मधुमतीबाईंनी फुलांसाठी इकडेतिकडे पाहिलं. टाळी कुणी वाजवली नाही. श्रीवास्तवजींनी मोठ्यानं वाचलं, "चौंसठ!" आणि सून स्वप्ना हळूच म्हणाली, "अरे बाप रे, गेलो की आपण वर."

एकूण दोनशे एकोणीस. शालू-दागिने उतरवले असते तरी वरच. श्रीवास्तवजींनी पर्याय सांगितले. मागची सीट आणि जादा चाक काढून टाकता येतं (काढण्याचा खर्च ग्राहकाचा, सीट कंपनीची). किंवा घरातला एक जण अनारूढ सदस्य म्हणून लिहून देता येतो. अनारूढ म्हणजे जो कुटुंबात आहे पण गाडीत नाही.

"फक्त कागदावर ग, आई," हृषीकेश म्हणाला.

"आणि तेलीबागला न्यायचं म्हणाला होतास ते? प्रतिमाकडे?"

"नेणार की. दर रविवारी."

मधुमतीबाईंनी सही केली. त्या वर्षी जिल्ह्यात अकराशे नव्या गाड्या विकल्या गेल्या आणि तेराशे चाळीस अनारूढ सदस्य नोंदले गेले. त्यांतले एक्क्याऐंशी टक्के साठीच्या पुढचे होते. उरलेले त्या दिवशी घरी आलेले पाहुणे.

गाडी आली. मागच्या काचेवर मंडळानं मोठ्या अक्षरांत 'तीन' रंगवलं होतं आणि चौकाचौकात शिपाई डोकी मोजत. गाडीनं एकोणीसचं ॲव्हरेज दिलं. गल्ली बघायला आली. मधुमतीबाईंकडे फाटकाचं खातं सोपवण्यात आलं: गाडी निघण्याआधी उघडायचं, गेल्यावर लावायचं. इंजिन ताटकळत नाही, त्यामुळे वर्षाकाठी साडेचार लिटर वाचतात असं हृषीकेशनं सिद्ध केलं.

तेलीबागला त्या टेंपोनं जात. दोन टेंपो बदलून, अकरा माणसांत, धुरात. (टेंपोला नियम नव्हता, आतल्यांचं वजन करायला त्यांना बाहेर काढणं शक्य नव्हतं.) तिथं त्यांची जुनी मैत्रीण प्रतिमाताई, नवरा मेजरसाहेब गेल्यापासून एकट्या, गुडघ्यांनी अडलेल्या, दारातच खुर्ची टाकून बसलेल्या असत.

"काय ग मधू, गाडी कुठाय तुझी?"

"पेट्रोल वाचवतेय."

"तीस वर्षं स्कूटरवर तिरकी बसलीस, तेव्हा नाही वाचलं ते?"

अठ्ठ्याण्णवमध्ये नियम मागे घेतला गेला. अधिभार तेवढा सगळ्याच गाड्यांच्या किमतीत कायमचा मिळवला, म्हणजे कुणावर अन्याय नको. बातमी रविवारच्या पेपरात होती. मधुमतीबाईंनी चहाच्या आधी साडी बदलली, पर्स घेतली आणि गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेवरचा 'तीन' हृषीकेशनं ब्लेडनं खरवडून काढला होता.

"अगोबाई, आई," स्वप्ना म्हणाली, "मागे रुचाचं हार्मोनियम आहे ना आज. पुढच्या रविवारी नक्की हं."

हार्मोनियमला अधिभार कधीच नव्हता. मधुमतीबाईंनी फाटक उघडलं, गाडी गेली, त्यांनी ते लावलं आणि टेंपोच्या वाटेला लागल्या.

मंडळ पुढे बरखास्त झालं. कुठल्याही नियमाशिवाय अनारूढ सदस्य दर वर्षी वाढतच आहेत, याचं श्रेय त्याला कुणी देत नाही, हे खेदजनक आहे. तुमची नवी गाडी सात जणांची आहे असं कळलं. अभिनंदन. मागच्या रविवारी तिच्यात चौघं होतात, आणि फाटक तर लागलेलं होतं. कुणी लावलं?