गप्प बसण्याची टक्केवारी

शांतता आपोआप नांदत नाही, तिचं नियोजन करावं लागतं. शिकार मंडळाच्या कुत्रेघरात हे नियोजन अत्यंत शास्त्रशुद्ध होतं.

मंडळाची शिकारी कुत्री अवाजवी भुंकतात, अशी शेजाऱ्यांची तक्रार आली. (वाजवी भुंकणं म्हणजे सावज दिसल्यावरचं, ते फारसं कोणी करत नसे.) अध्यक्षांनी उपसमिती नेमली. तिने सखोल विचारांती ठरवलं की, कुत्रं भुंकायचं थांबलं की त्याला एक बिस्किट द्यावं आणि ते किती वेळा थांबलं हे दारावरच्या फळ्यावर मांडावं.

कुत्री हुशार जातीची. थांबायचं तर आधी सुरू करावं लागतं, हे त्यांना उपसमितीच्या आधी कळलं. पहिल्याच महिन्यात गप्प बसण्याचं प्रमाण तिप्पट झालं. शेजाऱ्यांनी कानात कापूस घातला, त्यामुळे तक्रारीही घटल्या. अध्यक्षांचा सत्कार झाला. (भाषण कोणाला ऐकू आलं नाही, टाळ्या मात्र पडल्या.)

डाग एकच राहिला, मावशी. ही म्हातारी कुत्री सावजाचा माग लागला तरच भुंके, आणि तिथे सावज असेच. कुत्रेघरात ती भुंकत नसे, म्हणून थांबतही नसे. फळ्यावर तिच्यापुढे शून्य. सुधारायची इच्छाच नसलेल्या कुत्रीला मंडळाने का पोसावं, असा रास्त प्रश्न निघाला. रविवारच्या तपासणीतही शून्यच दिसलं तर तिला हाकलायचं ठरलं.

कुत्रेवाल्याने तिला पिल्लू असल्यापासून वाढवलेलं. त्याने अध्यक्षांना हात जोडून सांगितलं की साहेब, ती मुळातच गप्प आहे. अध्यक्षांनी समजूत घातली की गप्प असणं हा स्वभाव झाला, गप्प होणं ही प्रगती.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग शिकवा की तिला भुंकायला," बायको म्हणाली.

"उगाच भुंकू नको म्हणून जन्मभर दटावलं तिला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

रविवारी तपासणीआधी तो मावशीच्या खोलीत शिरला, दार लावलं, उकिडवा बसला आणि भुंकला. लग्नात पिऊन आलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. तो कळवळून आणखी मोठ्याने भुंकला.

"गप!" दाराबाहेरून अध्यक्ष ओरडले.

तो तत्काळ गप्प झाला. फळ्यावर खडू करकरला. "बघा, मनात आणलं की जमतं," अध्यक्ष उपसमितीला म्हणाले. मावशी वाचली. दाराखालच्या फटीतून एक बिस्किट आत सरकलं.

मावशीने ते हुंगलं आणि नाकाने कुत्रेवाल्याकडे ढकललं. (न केलेल्या कामाचं ती खात नसे.) बाहेर अजून पावलं वाजत होती. बिस्किट तसंच पडलेलं दिसून चालणार नव्हतं. त्याने ते खाल्लं.

चव कशी होती, हे सांगत बसत नाही. तुम्हाला ती ठाऊक आहे.