दुसरं बिस्किट

हिलेट्ये आजींच्या घरी कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट मिळे आणि डब्याचं झाकण लागे. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात सगळ्याच घरांची ही शिस्त. आजी मात्र स्वतःसाठी झाकण पुन्हा उघडत.

"चव्वेचाळीस सालच्या, युद्धातल्या उपासमारीत मी आईच्या पोटात होते," त्या म्हणत. "सगळं शहर ट्यूलिपचे कांदे उकडून खात होतं. ती भूक अजून फिटली नाही."

यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

आजींची नात योरीन सहा महिन्यांची गरोदर होती. सुईणबाईंनी वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तिने घरातलंच उत्तर दिलं, "पणजी उपाशी होती ना, ते माझ्यात उतरलंय."

सुईणबाई ओरडायच्या थांबल्या आणि त्यांनी थेट विद्यापीठात फोन केला. तिथे नेमक्या अशाच कुटुंबांचा अभ्यास चालला होता. मंगळवारी सकाळी योरीन आजींकडे आलेली असतानाच डॉक्टर पोस्टमा फायली घेऊन दारात हजर.

"त्या वेळचं काही जपून ठेवलंय का?"

"आईची डायरी आहे. रडू येईल म्हणून मी कधी उघडली नाही," म्हणत आजींनी एका हाताने डायरी दिली, दुसऱ्या हाताने दुसरं बिस्किट घेतलं.

डॉक्टर वाचू लागल्या. "ऑक्टोबर. सायकलवरून उत्तरेला, फ्रीसलंडच्या खेड्यात, मावशीच्या शेतावर पोचले. इथे खायला भरपूर. जानेवारी. आज पुन्हा तीन अंडी, डुकराचं मांस, वर साय. नको म्हटलं तरी वाढतात. मार्च. दुसराही झगा उसवला. मे. युद्ध संपलं. ट्रकमधून घरी निघाले. मला वर चढवायला चौघे लागले."



"आजी," योरीन म्हणाली, "ते बिस्किट डब्यात ठेव."

"उष्टं झालंय."

"आणि मी सुईणबाईंना काय तोंड दाखवू?"

"नाराज होऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "तुलनेसाठी पोटभर जेवलेल्या आयांची मुलंही लागतात. ती मिळतच नाहीत. या शहरात आपली आई जेवत होती, असं कुणी कबूलच करत नाही."

आजींची मान ताठ झाली. "म्हणजे मला पोटात असल्यापासूनच दोनाची सवय?"

"एका माणसावरून तसं सांगता येत नाही."

"मग तिघींवरून सांगा." आजींनी डबा उघडून मध्यभागी ठेवला. पाहुण्यासाठी तो दुसऱ्यांदा उघडण्याची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर पोस्टमांनी पेन खाली ठेवलं.

"माझी आजी फ्रीसलंडचीच," त्या हळूच म्हणाल्या आणि दोन उचलली.